नवा कॅमेरा, जवळचा निसर्ग: हौशी छायाचित्रणाबद्दल गप्पा

रानवारा

बरेच दिवस मनात होतं, अखेर कॅमेरा घेतला. एपीएस-सी (लहान आकाराच्या) सेन्सरचा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा आहे, सोबत मिळणारी १८-५५ मिमीची किट लेन्स आणि एक ७०-३०० झूम. तेव्हापासून हातातून खाली ठेववत नाही.

धागा काढायला निमित्त झालं एका चतुराचं. डबक्याच्या काठी वाळक्या काडीच्या टोकावर लालभडक चतुर बसला होता. मी पुढे सरकलो की तो उडायचा. थोड्या वेळानं लक्षात आलं की हा लांब जातच नाही. एक गिरकी, मध्येच हवेतल्या हवेत एखादं चिलट पकडायचं आणि परत त्याच काडीवर. मग त्याच्या मागे फिरणं बंद केलं, काडीच्या टोकावर फोकस धरला आणि मांडी घालून बसलो. पुढचे फोटो त्यानं आपणहून दिले म्हणायला हरकत नाही. ऊन चढल्यावर त्यानं शेपटासारखा दिसणारा तो लांब भाग सरळ वर, सूर्याकडे रोखून धरला. सर्कशीतला कसरतपटू हातांवर उभा राहतो ना, अगदी तसा! घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की ते त्याचं पोट असतं, आणि उन्हात शरीराचा कमीत कमी भाग तापावा म्हणून चतुर अशी बैठक घेतात. फोटो मोठा करून पाहिला तर पंखांच्या टोकाजवळ एकेक गडद ठिपका, आणि डोळे जिथं एकमेकांना टेकतात तिथली बारीक रेघसुद्धा दिसत होती. इतकी वर्षं चतुर बघत आलोय, यातलं काहीही माहीत नव्हतं.

दुर्मीळ काहीतरी टिपायला लांब जाण्यापेक्षा रोज पोचता येईल अशी एक जागा धरावी आणि तिथंच मुरावं, असं माझं मत होत चाललंय. तुमचा अनुभव काय आहे ते ऐकायला आवडेल.

काही प्रश्नही आहेत. पांढऱ्या बगळ्याच्या अंगावर पिसं दिसतच नाहीत, नुसता पांढरा आकार येतो. उडणारे पक्षी धूसर येतात. आणि किड्यांच्या फार जवळ गेलं की डोळा स्पष्ट आला तर पंख पुसट, पंख आला तर डोळा पुसट. जाणकारांनी सांगावं, म्हणजे माझ्यासारख्या इतर नव्या मंडळींनाही उपयोग होईल.

टिपणवही

अभिनंदन! चतुराचं वर्णन वाचून आमचा कॅमेरा बाहेर काढावासा वाटला.

बगळ्याचं सांगतो. कॅमेऱ्याला बगळा कळत नाही, फक्त प्रकाश कळतो. समोर जे काही आहे ते सरासरी मध्यम करडं असावं असं धरून तो एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ घ्यायचा ते, ठरवतो. बगळा गर्द झाडीसमोर किंवा काळ्या पाण्यात उभा असेल तर चौकटीचा बराचसा भाग काळा असतो. कॅमेरा तो उजळवायला जातो आणि त्या भरात बगळा जळतो. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्यानं ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे करायचं, उणे ०.७ ते उणे १.३ च्या आसपास. आता हाच बगळा पांढुरक्या ढगाळ आभाळासमोर उडतोय असं समजा. तिथं उलटं होतं. सगळीच चौकट उजळ, म्हणून कॅमेरा ती काळवंडवतो आणि बगळा मळका दिसतो. तिथं अधिक करावं लागतं. म्हणजे ‘पांढरा पक्षी म्हणजे उणे’ असा सरसकट नियम पाठ करू नका, मागे काय आहे ते आधी बघा.

हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या उजेडाचा आलेख, लावून ठेवा. आलेखाचा डोंगर उजव्या भिंतीला चिकटला की तिथला तपशील गेला. बहुतेक कॅमेऱ्यांत जळालेला भाग लुकलुकतो किंवा त्यावर पट्टे दिसतात, तेही सुरू करा. सावलीतला तपशील नंतर थोडाफार वर काढता येतो, पूर्ण जळालेलं पांढरं मात्र परत येत नाही, कारण तिथं नोंदलेलंच काही नसतं.

आणि भर दुपारी पांढऱ्या पक्ष्याच्या वाट्याला जाऊच नये. तिरप्या उन्हात पिसाच्या प्रत्येक कडेला बारीकशी सावली पडते आणि पोत उठून दिसतो. डोक्यावरच्या उन्हात तो सपाट होतो.

मृगधारा

उडणाऱ्या पक्ष्यांवर मी लिहिते, माझा जीव त्यातच आहे.

धूसरपणाची कारणं दोन असतात आणि ती वेगवेगळी ओळखता आली पाहिजेत. सगळी चौकटच हललेली असेल तर हात हललाय. मागचं झाड स्पष्ट आणि पक्षी पुसट असेल तर एकतर पक्ष्याचा वेग शटरला झेपला नाही, नाहीतर फोकस झाडाला लागला. हाताचं जुनं गणित असं की लेन्सची लांबी गुणिले क्रॉप (लहान सेन्सरमुळे दृश्य जितक्या पटीनं जवळ वाटतं तो आकडा), आणि शटर निदान सेकंदाच्या तितक्याव्या भागाएवढा जलद. तुमची ३०० मिमी, एपीएस-सीला दीडपट, म्हणजे ४५०. तेव्हा निदान १/५०० तरी हवं. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन हाताचा कंप सावरतं, पंखांची फडफड थांबवणं त्याच्या आवाक्यात नाही. पंख गोठवायचे तर १/२००० पासून सुरुवात करा. घिरट्या घालणारी घार १/१००० लाही छान येते. चिमणीसारख्या चपळ पक्ष्याला १/३२०० सुद्धा कमी पडू शकतं.

फोकस ‘कंटिन्युअस’वर (पक्ष्याच्या मागे सतत फिरणारा), बर्स्ट (एकापाठोपाठ एक फोटो) सुरू. कॅमेऱ्यात पक्ष्याचा डोळा ओळखायची सोय असेल तर ती मोकळ्या आभाळात वापरा. पक्षी फांद्यांच्या गर्दीत बसला असेल तर मात्र एकच छोटा फोकस बिंदू निवडून तो डोळ्यावर ठेवा, नाहीतर कॅमेरा पुढच्या पानाला धरून बसतो. आणखी एक, आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक शटर बसलेल्या पक्ष्याला उत्तम, पण बऱ्याच कॅमेऱ्यांत तो सेन्सर एकेका ओळीनं वाचतो. तेवढ्यात पंख हललेला असतो आणि फोटोत वाकडा येतो. उडताना टिपायचं तर मेकॅनिकल शटर बरा.

आता माझी आवडती गोष्ट, वारा. पक्षी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून झेपावतात आणि उतरतानाही वाऱ्याकडे तोंड करूनच उतरतात. त्यामुळे वारा तुमच्या पाठीवर येईल असे उभे राहा, म्हणजे ते तुमच्याकडे तोंड करून येतील. वाऱ्याबरोबर ऊनही पाठीशी असेल तर मग बघायलाच नको! उडायच्या आधी पक्षी खुणाही देतो. मान लांब करतो, अंग आवळून किंचित खाली वाकतो, पुष्कळदा विष्ठा टाकतो. हे दिसलं की बटण दाबायला सुरुवात. पक्षी उडाल्यावर दाबलं तर शेपटीचे फोटो जमतात.

रानवारा

@टिपणवही, मागे काय आहे ते बघायचं, हे आता डोक्यात पक्कं बसलं. @मृगधारा, वाऱ्याचं कुठल्याच व्हिडिओत ऐकलं नव्हतं! आज संध्याकाळीच तळ्याच्या दुसऱ्या काठावर जाऊन बघतो. पण १/२००० ठेवलं की आयएसओ (मिळालेला प्रकाश किती वर ओढायचा तो आकडा) ३२०० वर जातो आणि फोटोत दाणे येतात. त्याचं काय करायचं?

मृगधारा

दाणे येऊ द्या. दाणेदार पण स्पष्ट फोटो ठेवण्यासारखा असतो, गुळगुळीत पण हललेला फोटो ठेवून उपयोग नाही. दाणे काढायला आजकालची सॉफ्टवेअर चांगली आहेत, हललेल्या डोळ्यात मात्र तेज भरता येत नाही. दाण्यांचं मूळ कमी प्रकाशात आहे. आयएसओ वाढवून प्रकाश वाढत नाही, जेवढा पोचला तेवढाच वर ओढला जातो. म्हणून अंधारा फोटो काढून घरी उजळवण्यापेक्षा तिथंच आयएसओ वाढवलेला बरा, आणि त्याहून बरं म्हणजे ऊन चांगलं असलेली वेळ पकडणं.

काजवा

किड्यांच्या प्रश्नाचीच वाट बघत होते.

डोळा किंवा पंख, दोन्ही नाही, हा तुमचा दोष नाही, प्रकाशाचा नियमच तसा आहे. जितकं जवळ जाल तितकी स्पष्ट दिसणारी पट्टी पातळ होते. सेन्सरवर किडा त्याच्या खऱ्या आकाराएवढा पडला, म्हणजे एकास एक मॅक्रो, तर एफ/८ ला (एफचा आकडा म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तितकं छिद्र बारीक) एपीएस-सी सेन्सरवर ही पट्टी एक मिलिमीटरपेक्षाही कमी असते. साधारण ०.६ मिमी. चतुराचं नुसतं डोकं त्याहून जाड! छिद्र आणखी बारीक करावं तर तिथं दुसरी अडचण. एवढ्या जवळून प्रकाशाच्या हिशेबात छिद्र दुप्पट बारीक झाल्यासारखं वागतं, एफ/१६ म्हणजे जवळजवळ एफ/३२. मग प्रकाश छिद्राच्या कडांवरून पसरतो आणि सगळाच फोटो मऊ पडतो. मी एफ/८ ते एफ/११ च्या पुढे क्वचित जाते.

त्यामुळे आहे त्या पातळ पट्टीत काय बसवायचं हे ठरवणं हाच मॅक्रोचा खेळ. टाचणी, म्हणजे चतुराचा सडपातळ भाऊबंद किडा, पंख मिटून बसते. तिच्या बरोबर बाजूला, सेन्सर तिच्या अंगाला समांतर येईल असं बसा. डोळा, छाती, पंख, पोटाचं टोक, सगळं एका पट्टीत येतं. चतुर पंख पसरून बसतो, त्याला वरून घ्या. समोरून घ्यायचा असेल तर फक्त डोळे स्पष्ट ठेवा आणि बाकी सगळं खुशाल विरघळू द्या. डोळे स्पष्ट असले की बघणाऱ्याची नजर तिथंच ठरते.

फोकसची रिंग फिरवत बसू नका. फोकस एका अंतरावर पक्का करायचा आणि स्वतःच पुढे-मागे डुलायचं, अगदी केसभर. डोळा चमकला की बटण.

खास मॅक्रो लेन्स नसली तरी तुमच्या ७०-३०० च्या पुढे लावायची क्लोज-अप भिंग मिळतात. लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणाऱ्या, आत काच नसलेल्या एक्स्टेन्शन ट्यूबही मिळतात. ५० मिमी लेन्सला २५ मिमीची ट्यूब लावली तर सेन्सरवर किडा त्याच्या खऱ्या आकाराच्या निदान निम्मा पडतो. लांब लेन्सला तीच ट्यूब तितकी लाभत नाही, हे घेण्याआधी ध्यानात ठेवा.

सगळ्यात महत्त्वाची म्हणजे वेळ. पहाटे गारठ्यात किडे जवळपास हलतच नाहीत, कारण ऊन मिळाल्याशिवाय त्यांचं शरीर चालू होत नाही. पंखांवर दंव असतं. तेव्हा जवळ जाता येतं, सावकाश, आपली सावली त्यांच्यावर पडू न देता.

अंबुज

वरच्या सगळ्यांशी सहमत, पण मला रानवारांच्या मूळ मुद्द्याकडे यायचंय, एकच जागा धरून राहण्याच्या.

मी लांब लेन्सच्या मागे लागलेली खूप माणसं बघितलीत. ३००ची ४०० हवी, ४००ची ६०० हवी. हिशेब करा. पक्षी तीस मीटरवर आहे आणि तुम्ही पंधरावर पोचलात तर फोटोत तो दुप्पट मोठा येतो, म्हणजे तुमची ३००ची लेन्स ६००चं काम करते. शिवाय मधली हवा निम्मी होते. ही हवा फार लोक विसरतात. उन्हं तापली की जमिनीवरून गरम हवेचे झोत उठतात आणि लांबचा फोटो पाण्याखालून काढल्यासारखा थरथरतो. कितीही उत्तम काच लावा, तिला याचा उपाय नाही. लांबून काढलेले दुपारचे फोटो ‘लेन्स मऊ आहे’ म्हणून कितीतरी जण नाकारतात, आणि लेन्स बिचारी निर्दोष असते.

मग पंधरा मीटरवर पोचायचं कसं? पाठलाग करून नाही. त्याच जागी, त्याच वेळी, त्याच रंगाच्या कपड्यांत पुन्हा पुन्हा जाऊन. खंड्याची ठरलेली फांदी असते, तिच्याखालचे पांढरे डाग बघून ती ओळखता येते. तिथं तो येण्याआधी जाऊन बसायचं. तो आला की लगेच कॅमेरा उचलायचा नाही. त्याचं मासे मारणं सुरू झालं, म्हणजे त्यानं तुम्हाला मान्य केलं.

उंचीचंही असंच. उभ्यानं काढलेल्या बदकाच्या फोटोत मागे नुसतं पाणी असतं. तोच फोटो पोटावर झोपून, लेन्स पाण्याच्या पातळीला आणून काढा. मागचा काठ दूर जातो, पुसट होतो, आणि बदकाच्या डोळ्यात डोळा घालून बघता येतं. या एका बदलानं फोटो जितका सुधारतो तितका नव्या लेन्सनं सुधारत नाही, असं माझं ठाम मत आहे.

दूरदर्शी

अंबुज, थोडा असहमत. जवळ जाणं प्रत्येक वेळी पक्ष्याच्या भल्याचं नसतं. लांब लेन्स ही चैन नाही, तिच्यामुळे अंतर राखता येतं. पक्षी खायचं थांबवून तुमच्याकडे बघायला लागला, एकसारखा इशाऱ्याचा आवाज काढायला लागला, किंवा चोचीत किडा घेऊन घरट्याकडे न जाता फांदीवरच घुटमळायला लागला, तर तुम्ही आधीच फार जवळ आहात. तिथून निमूट मागे यायचं, फोटो झाला नसला तरी.

घरट्यांचे फोटो तर नवशिक्यांनी काढूच नयेत असं मी म्हणतो. घरट्यावरची पानं किंवा फांदी बाजूला केली की पिल्लांवर ऊन येतं आणि कावळ्यांना वाट दिसते. आई-बाप तुमच्या भीतीनं लांब राहिले तर तेवढ्यात अंडी गार पडतात. रेकॉर्ड केलेली साद वाजवून पक्ष्याला बोलावणंही टाळा. तो प्रतिस्पर्धी आला म्हणून भांडायला येतो, विणीच्या काळातली त्याची शक्ती त्यात जाते.

अंबुज

दूरदर्शी, हे माझ्या म्हणण्यात यायला हवं होतं, तुम्ही नेमकं मांडलंत. पक्ष्यानं जवळ येणं आणि आपण त्याच्यावर चालून जाणं यात फरक आहे, मी पहिल्याबद्दल बोलतोय. लपून बसण्याची परंपरा तशी जुनीच. इंग्लंडमधल्या रिचर्ड आणि चेरी केअर्टन या भावांनी १८९२ मध्ये पक्ष्याच्या अंड्यांसकट घरट्याचा फोटो काढला, आणि पुढे तर पक्ष्यांना संशय येऊ नये म्हणून ते पेंढा भरलेल्या पोकळ बैलाच्या आत कॅमेरा घेऊन बसत! तेव्हा आजच्यासारखी लांब लेन्सची सोय नव्हती. आज मळकट कापडाची एक साधी आडोशाची चौकट पुरते. गाडीतूनही चांगलं जमतं, पक्षी गाडीला माणसाइतके बिचकत नाहीत. इंजिन मात्र बंद हवं, नाहीतर कंप लेन्समध्ये उतरतो.

शेवाळ

एक जागा धरून राहण्याबद्दल बोलणं चाललंय तर विल्सन बेंटली यांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधले शेतकरी, छायाचित्रणाचं कुठलंही रीतसर शिक्षण नाही. सूक्ष्मदर्शक आणि कॅमेरा एकमेकांना जोडून त्यांनी १५ जानेवारी १८८५ ला एकट्या हिमकणाचा पहिला फोटो काढला, तेव्हा ते १९ वर्षांचे होते. त्यानंतर १९३१ मध्ये जाईपर्यंत दर हिवाळ्यात तेच काम, त्याच गावात. पाच हजारांवर हिमकण टिपले. काळ्या फळीवर हिमकण झेलायचा, श्वास रोखायचा कारण श्वासाच्या उबेनंही तो वितळतो, आणि घाई न करता पण वितळायच्या आत फोटो घ्यायचा. त्यांचे फोटो आजही हिमकणांची विविधता दाखवायला वापरतात.

मी स्वतः दगडांवरचं शेवाळ आणि दगडफूल टिपतो. पळून जात नाही, वारा लागत नाही, ढगाळ दिवशी रंग खुलतात. ज्यांना पक्ष्यांमागे फिरणं शरीरानं जमत नाही त्यांच्यासाठी मॅक्रो म्हणजे वरदान आहे. तिपाई लावायची, दोन सेकंदांचा टायमर लावायचा आणि आयएसओ १०० वर निवांत काम करायचं. शेवाळाच्या बारक्या देठांवर बोंडं येतात, पिकल्यावर त्यांची टोपणं गळून पडतात. हे सगळं हाताच्या पंजाएवढ्या जागेत घडतं.

पाऊलवाट

छान चर्चा, वाचनखूण साठवली. मीही नवीन आहे. रॉ मध्ये काढावं की जेपेग मध्ये? जाणकार मित्र म्हणतात रॉ शिवाय काढणं म्हणजे कॅमेरा वाया घालवणं.

टिपणवही

रॉ म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, जेपेग म्हणजे कॅमेऱ्यानंच घडवून दिलेला फोटो. मित्रांचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. जेपेग मध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉ मध्ये १६,३८४. उजळ-काळं खालीवर करायला, रंगाचा तोल बदलायला रॉ मध्ये भरपूर जागा मिळते. पण रॉ फोटो घरी येऊन घडवावा लागतो. तुमची संध्याकाळ त्यात गेली आणि दुसऱ्या दिवशी बाहेर जायचा कंटाळा आला तर त्या १६,३८४ पायऱ्यांचा उपयोग काय? कॅमेऱ्यात दोन्ही एकदम साठवायची सोय असते, ती लावा. रोजच्यासाठी जेपेग बघा, आणि जो फोटो मनाला लागला त्याच्या रॉ वर काम करा.

काजवा

संपादनाबद्दल माझं एक ठरलेलं आहे. उजेड, रंगाचा तोल, कापणं, दाणे कमी करणं, एवढं चालतं. नसलेला चंद्र मागे चिकटवणं, दोन फोटोंतले पक्षी एका फांदीवर बसवणं, मधली काडी पुसून टाकणं, हे मी करत नाही. कुणी केलं आणि तसं सांगितलं तर माझी हरकत नाही. सांगितलं नाही तर निसर्गाबद्दलची खोटी नोंद तयार होते आणि ती फिरत राहते.

दूरदर्शी

नोंदीचा विषय निघालाच आहे म्हणून. तुमचे फोटो अभ्यासकांना खरंच उपयोगी पडतात. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकला की ओळख पटवायला जगभरातली माणसं मदत करतात आणि ती नोंद तारीख-जागेसकट राहते. पक्ष्यांच्या नोंदींसाठी तसंच ई-बर्ड हे संकेतस्थळ आहे.

पण ओळख पटण्यासाठी वेगळे फोटो लागतात. नुसत्या फुलाचा सुंदर फोटो पाहून वनस्पती ओळखता येईलच असं नाही. फुलाची मागची बाजू, पान खोडाला कसं जोडलंय, पानांची मांडणी समोरासमोर की एकाआड एक, फळ असेल तर फळ, हेही टिपा. फुलपाखराच्या पंखांची वरची आणि खालची बाजू बरेचदा पूर्ण वेगळी असते, दोन्ही मिळाल्या तर उत्तम. कोळ्याचा फोटो समोरून घ्या, डोळ्यांच्या मांडणीवरून त्याचं कुळ कळायला फार मदत होते. सजावटीचा फोटो आधी काढा, मग हे काढा, पण काढा.

मोबाइलवरून फोटो टाकताना त्यात जागेचे अक्षांश-रेखांश जातात. घरटं, घुबडाची ढोली, दुर्मीळ आमरी (ऑर्किड) यांच्या जागा उघड करू नका. आयनॅचरलिस्ट धोक्यातल्या जातींची नेमकी जागा आपोआप धूसर करतं, समाजमाध्यमांवर मात्र ती काळजी आपली आपणच घ्यायची.

रानवारा

केवढं मिळालं! तळ्याच्या दुसऱ्या काठाला जाऊन आलो. वारा पाठीवर, ऊन पाठीवर, आणि बगळे खरोखरच समोरून उतरत होते. पाय पुढे काढलेले, पंखांची कमान, मानेची घडी उलगडत आलेली. गर्द झाडी मागे असल्यामुळे उणे १ ठेवलं आणि पहिल्यांदाच छातीवरची लोंबती बारीक पिसं सुटी सुटी दिसली. एकाच्या चोचीवर चिखलाचा वाळलेला थर आहे, तोही दिसतोय. शेवाळ, तुमचं वाचून डबक्याकाठच्या दगडांकडेही आता लक्ष जातंय. चतुराची काडी रिकामी झाली तरी तिथं करायला काम आहे हे कळलं.

पाऊलवाट

@रानवारा, फोटो नक्की टाका. माझा एक शेवटचा प्रश्न. चंद्राचा फोटो काढला की नुसता पांढरा दिवा येतो. माझ्याकडेही ३००चीच लेन्स आहे. हे तिच्या आवाक्याबाहेरचं आहे का?

टिपणवही

अजिबात नाही. हा बगळ्याचाच प्रश्न आहे, मोठ्या प्रमाणावर. आजूबाजूला काळंभोर आभाळ, म्हणून कॅमेरा उजळवत सुटतो आणि चंद्र जळतो. चंद्र म्हणजे भर उन्हात पडलेला दगड आहे असं समजा, कारण तो तसाच आहे. मॅन्युअल मोड, एफ/११, आयएसओ १००, शटर १/१०० किंवा १/१२५. इथून सुरुवात करून एखादं पाऊल इकडे-तिकडे.

३०० मिमीला सेन्सरवर चंद्र साधारण २.७ मिमीचा पडतो, सेन्सरच्या उंचीच्या सहाव्या भागाएवढा. तेवढ्यात मोठी विवरं आणि काळी मैदानं छान ओळखू येतात. तिपाई लावा, पण लावलीय म्हणून शटर फार मंद करू नका. चंद्र आभाळात दोन-सव्वादोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. लांब लेन्समध्ये एक-दोन सेकंदांचं एक्स्पोजरही त्याला पुसट करतं.

आणि पौर्णिमेची वाट बघू नका. पौर्णिमेला ऊन चंद्रावर समोरून पडतं, सावल्या दिसत नाहीत, सगळं सपाट येतं. शुद्ध अष्टमीच्या आसपास काढा. उजेड आणि अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडांच्या लांब सावल्या पडलेल्या असतात आणि तिथं खोली दिसते. चंद्र डोक्यावर येईपर्यंत थांबा, म्हणजे मधली हवा कमी लागते. काढलात की इथंच टाका, कुठलं विवर कोणतं ते आपण मिळून लावू.